जे. जे. वॉटची वाट: कॉलेजचा बचावपटू एनएफएलपर्यंत पोहोचतो कसा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन फुटबॉल नव्यानं बघायला लागलेले मित्र आणि ज्यांची मुलं अमेरिकेत हायस्कूलला आहेत असे पालक, दोघांकडून मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात. कॉलेजात खेळणारा मुलगा एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, जातो कसा, त्याला निवडतं कोण, मधल्या काळातला खर्च कोण करतं आणि हाडं मोडली तर पुढे काय? चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल भरपूर लिहिलं जातं, म्हणून इथे मुद्दाम बचावपटूंबद्दल लिहिलं आहे. बहुतेक ठिकाणी उदाहरण ह्यूस्टन टेक्सन्सकडून गाजलेल्या जे. जे. वॉटचं घेतलंय, कारण या वाटेवरचे जवळजवळ सगळे खाचखळगे त्याच्या वाट्याला आले. माझं ठाम मत आहे की बचावपटू सतराव्या वर्षी ओळखता येत नाही. तो कॉलेजच्या सरावात, कुणाचं फारसं लक्ष नसताना घडतो. बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येतात.

बचावपटू म्हणजे मैदानावर नेमकं कोण?

दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यांना अडवतो तो बचाव. बचावाच्या तीन फळ्या असतात. सगळ्यात पुढे, हात जमिनीला टेकवून वाकलेली असते ती डिफेन्सिव्ह लाइन: मध्ये टॅकल, कडेला एंड. त्यांच्या मागे लाइनबॅकर. शेवटी पास, म्हणजे सहकाऱ्याकडे फेकलेला चेंडू, अडवणारे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. वॉट पहिल्या फळीतला, डिफेन्सिव्ह एंड.

क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला, डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागेच पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक लागतो. त्यामुळे पुढे २०.५ असे आकडे दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. कबड्डीत टाळ्या चढाईपटूला मिळतात आणि सामना मात्र बऱ्याचदा कोपरारक्षकाच्या एका पकडीवर फिरतो. सॅकचं वजन तेवढंच असतं.

वॉट इतका मोठा खेळाडू होता का?

होता. एनएफएलचा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब त्यानं तीनदा जिंकला: २०१२, २०१४ आणि २०१५. त्यातल्या २०१२ आणि २०१४ या दोन हंगामांत त्याच्या नावावर प्रत्येकी २०.५ सॅक होते. दोन वेगवेगळ्या हंगामांत २० चा आकडा ओलांडणारा तो पहिलाच. २०१४ मध्ये तर त्यानं पाच टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं), त्यातले तीन चक्क पास झेलून, कारण संघ त्याला अधूनमधून आक्रमणातही उतरवत असे. कारकीर्द संपली तेव्हा एकूण सॅक होते ११४.५.

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांना तो आणखी एका कारणानं आठवतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळानं शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा वॉटनं दोन लाख डॉलर जमवायचं आवाहन केलं होतं. जमले ३ कोटी ७० लाखांहून जास्त.

असा खेळाडू हायस्कूलमध्येच ओळखू येत नाही का?

नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

अमेरिकेत हायस्कूलच्या खेळाडूंना तारे देऊन मोजणाऱ्या संस्था आहेत. पाच तारे म्हणजे देशातले निवडक मोजके. वॉट होता दोन ताऱ्यांचा, आणि तोही बचावपटू म्हणून नव्हे. विस्कॉन्सिन राज्यातल्या पेवॉकी या छोट्या गावचा हा मुलगा लहानपणी बर्फावरची हॉकी खेळायचा. वडील अग्निशमन दलात. हायस्कूलमधून तो टाइट एंड म्हणून बाहेर पडला. टाइट एंड म्हणजे आक्रमणातला, थोडं अडवणारा आणि थोडं झेलणारा खेळाडू. बहुतेक मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही. सेंट्रल मिशिगन विद्यापीठानं शिष्यवृत्ती दिली आणि २००७ च्या हंगामात तो तिथे खेळला. वर्षभरात झेललेले पास ८, मिळवलेले यार्ड ७७. तिथल्या प्रशिक्षकांच्या मनात त्याला आक्रमणाच्या लाइनमध्ये, टॅकल म्हणून हलवायचं होतं.

हे आकडे बघून कुणीही म्हटलं नसतं की हा मुलगा चार वर्षांनी ड्राफ्टच्या, म्हणजे एनएफएल संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडला जाईल. मुलांची शरीरं अठराव्या आणि एकविसाव्या वर्षाच्या दरम्यान पार बदलतात. बचावाच्या लाइनमध्ये तर सगळा खेळच वजन, हातांची ताकद आणि पहिल्या दोन पावलांचा वेग यांच्या मेळावर असतो. सतराव्या वर्षी तो मेळ बसलेला असेलच असं नाही.

मग त्यानं मिळालेली शिष्यवृत्ती सोडली?

हो. घरी परत आला, गावाजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात काही विषय घेतले आणि पोटापाण्यासाठी पिझ्झा हटमध्ये काम धरलं. या दिवसांतला एक प्रसंग त्यानं नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. एका घरी पिझ्झा द्यायला गेला. दार उघडलं एका लहान मुलानं. मुलानं त्याला ओळखलं आणि विचारलं, तू जे. जे. वॉट ना, मग पिझ्झा का पोहोचवतोयस? गाडीत परत बसल्यावर आपण कुठे येऊन पोहोचलो याचा त्याला विचार पडला.

त्यानंतर तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात ‘वॉक-ऑन’ म्हणून गेला. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्ती नाही, बोलावणं असलं तरी पैशाची हमी नाही. फी, राहणं, जेवण सगळं घरच्यांच्या खिशातून. त्या वेळच्या नियमानुसार कॉलेज बदललं की एक वर्ष सामने खेळता येत नसत, म्हणून २००८ चा अख्खा हंगाम तो फक्त सरावात होता. सरावातल्या दुय्यम तुकडीचं काम असतं पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून मुख्य संघाला मार देणं आणि मार खाणं. प्रेक्षक नाहीत, आकडे नाहीत, वर्तमानपत्रात नाव नाही. त्या वर्षी विस्कॉन्सिननं दुय्यम तुकडीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला गौरवलं. शिष्यवृत्ती पुढे मिळाली. मला त्याच्या तीन मोठ्या किताबांपेक्षा हा छोटा गौरव जास्त बोलका वाटतो.

टाइट एंडचा बचावपटू कसा झाला? असं नेहमी होतं का?

विस्कॉन्सिनच्या प्रशिक्षकांनी त्याला बचावाच्या लाइनमध्ये आणलं. उंची ६ फूट ५ इंच, हात लांब, हॉकीमुळे पाय चपळ. पास झेलायची सवय असलेल्या हातांचा त्यानं वेगळाच उपयोग केला. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचता येत नसेल तेव्हा तो नेमक्या क्षणी हात वर करून फेकलेला चेंडू हवेतच थोपवायचा. २०१२ च्या हंगामात त्यानं असे १६ पास अडवले. लाइनमधल्या खेळाडूसाठी हा आकडा अचाट आहे.

जागा बदलून नाव कमावणारे बरेच आहेत. वॉटचा धाकटा भाऊ टी. जे. हाही विस्कॉन्सिनमध्ये टाइट एंड म्हणूनच आला, मग लाइनबॅकर झाला. २०१७ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनं त्याला ३० व्या क्रमांकावर घेतलं आणि २०२१ मध्ये २२.५ सॅक करून त्यानं एका हंगामातल्या सर्वाधिक सॅकच्या, मायकेल स्ट्रेहॅनच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये सुरुवातीला पास झेलणारा रिसीव्हर होता. कॉर्नरबॅक झाल्यावर २०११ च्या पाचव्या फेरीत सिएटलनं त्याला निवडलं आणि काही वर्षांतच तो लीगमधल्या सर्वोत्तम कॉर्नरबॅकमध्ये गणला जाऊ लागला. समोरचा पळण्याचे कोणते मार्ग निवडेल हे त्याला कळायचं, कारण ते मार्ग तो स्वतः पळाला होता.

आजच्या नियमांत वॉटची वाट सोपी झाली असती की अवघड?

दोन्ही. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं आणि पुढे वर्षभर बसून राहायची अटही गेली, त्यामुळे कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि छबी वापरू देऊन पैसे कमवू शकतात. २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. चांगल्या कॉलेजातल्या चांगल्या बचावपटूला आज पिझ्झा पोहोचवायची वेळ बहुधा येणार नाही.

पण ज्या न्यायालयीन तडजोडीतून हे थेट पैसे आले, त्याच २०२५ च्या तडजोडीत फुटबॉल संघाची संख्या १०५ वर बांधली गेली. पूर्वी शिष्यवृत्त्या ८५ असत आणि त्यापलीकडे वॉक-ऑन कितीही ठेवता येत. कित्येक संघांत एकूण संख्या १२० च्या वर जायची. आता ही तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत कात्री लागते ती आधी वॉक-ऑन मुलांनाच. शिवाय पोर्टलमधून तयार, तेविशीचा खेळाडू मिळत असेल तर प्रशिक्षक कच्च्या मुलावर दोन वर्षं कशाला घालवेल? खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. वॉक-ऑनचं दार अरुंद झालं याचं मात्र मनापासून वाईट वाटतं.

कॉलेजमधली आकडेवारी किती महत्त्वाची?

वाटते त्यापेक्षा कमी. वॉटचा कॉलेजमधला सर्वोत्तम हंगाम २०१० चा. सॅक फक्त ७. यापेक्षा दुप्पट सॅक करणारे कॉलेजचे खेळाडू दरवर्षी सापडतात. पण रेषेच्या मागे पाडलेले खेळाडू होते २१, म्हणजे समोरच्यांचा डाव तो रुजायच्या आतच उपटत होता. १६ ऑक्टोबर २०१० ला विस्कॉन्सिननं तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटला ३१-१८ असं हरवलं, त्या सामन्यात तो सगळीकडे दिसत होता. त्या वर्षी त्याला लॉट ट्रॉफी मिळाली, जी बचावपटूच्या खेळाबरोबर त्याचं वागणंही बघून दिली जाते.

एनएफएलचे निरीक्षक आकड्यांच्या आधी चित्रफीत बघतात. हात कुठे बसतो? पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा करतो का? चेंडू दुसऱ्या बाजूला गेला तरी पळत जातो का? चौथ्या सत्रात दमल्यावर कंबर ताठ होते का, की अजून वाकलेली आहे? दोन खेळाडू मिळून त्याला अडवत असतील तर सॅक कमीच दिसणार, आणि ते चित्रफितीतच कळतं.

ड्राफ्टमध्ये कधी जाता येतं?

हायस्कूल संपून तीन वर्षं व्हावी लागतात. ज्यांची कॉलेजमध्ये खेळायची मुदत शिल्लक आहे त्यांनी जानेवारीत आपला निर्णय कळवायचा असतो. एनएफएलची एक सल्लागार समिती विचारणाऱ्या खेळाडूला अंदाज देते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा कॉलेजातच थांब. वॉटनं एक हंगाम शिल्लक ठेवून बाहेर पडायचं ठरवलं. त्याचा शेवटचा कॉलेज सामना १ जानेवारी २०११ चा रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना, टेक्सास क्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध.

तो सामना थोडा जवळून बघण्यासारखा आहे. शेवटची दोन मिनिटं उरली असताना विस्कॉन्सिननं टचडाउन केला आणि फरक दोन गुणांवर आणला. बरोबरीसाठी आणखी दोन गुणांचा एकच प्रयत्न हातात. पास फेकला, आणि टेक्सास क्रिश्चनचा लाइनबॅकर टँक कार्डर यानं तो हातानं खाली पाडला. २१-१९. त्या दिवशी नायक ठरला तो कार्डर. पुढे ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीत गेला आणि एनएफएलमध्ये मुख्यतः राखीव व विशेष तुकड्यांमध्येच खेळला. कॉलेजमधला सर्वात मोठा क्षण आणि व्यावसायिक कारकीर्द यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, ते असं.

कंबाईन म्हणजे काय? तिथे काय तपासतात?

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला निमंत्रित तीनशेहून जास्त खेळाडूंची चाचणी होते. ४० यार्ड धाव, उभ्या जागेवरून उडी, तीन शंकूंभोवती वळत पळणं, २२५ पौंड म्हणजे सुमारे १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते. वॉटनं तो ३४ वेळा उचलला आणि २९० पौंडांचं शरीर घेऊन ३७ इंच उंच उडी मारली. इतक्या जड माणसाची ही उडी बघून बऱ्याच जणांनी त्याची चित्रफीत पुन्हा काढली असणार.

टीव्हीवर धावणं दिसतं, पण संघांना खरी किंमत असते वैद्यकीय तपासणीची आणि मुलाखतींची. गुडघा, खांदा, पाठ, सगळ्याचे फोटो निघतात, आणि बंद खोलीत प्रशिक्षक फळ्यावर डाव काढून विचारतात की इथे तुझं काम काय होतं.

मोजमापांवर किती भर द्यायचा यासाठी ॲरन डोनाल्डकडे बघावं. पिट्सबर्ग विद्यापीठाचा हा टॅकल, उंची जेमतेम ६ फूट १ इंच. त्या जागेसाठी ठेंगणा म्हणून शंका घेतली गेली. त्यानं ४० यार्ड ४.६८ सेकंदांत पार केले, बार ३५ वेळा उचलला, तरीही २०१४ मध्ये तो १३ व्या क्रमांकापर्यंत खाली आला. नंतर वॉटइतकेच, तीन वेळा सर्वोत्तम बचावपटूचे किताब त्यानं मिळवले. बुटकेपणा त्याच्या फायद्याचाच ठरला: समोरच्याच्या छातीखाली शिरायला त्याला वाकावंच लागत नसे.

ड्राफ्ट नेमका कसा चालतो?

एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस, सात फेऱ्या, ३२ संघ. आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. जादा निवडी धरून अडीचशेच्या थोडे वर खेळाडू निवडले जातात. खेळाडूला संघ निवडता येत नाही, संघ त्याला निवडतो.

२०११ चा ड्राफ्ट बचावपटूंसाठी भरघोस होता. दुसऱ्या क्रमांकावर वॉन मिलर, तिसऱ्यावर मार्सेल डॅरियस, पाचव्यावर पॅट्रिक पीटरसन. ११ व्या क्रमांकावर ह्यूस्टन टेक्सन्सनं वॉटचं नाव पुकारलं आणि ह्यूस्टनच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. दोन तारे, सेंट्रल मिशिगन, सात सॅक. त्यांना दुसरा कुणीतरी हवा होता. त्यावर, त्या वर्षी मालक आणि खेळाडू संघटनेचा वाद पेटलेला. मार्चपासून जुलैच्या अखेरीपर्यंत लीगला टाळं. निवड झालेल्या मुलांना प्रशिक्षकांना भेटायचीसुद्धा मुभा नव्हती.

ड्राफ्टमध्ये नावच आलं नाही तर?

सातवी फेरी संपताच फोन सुरू होतात. न निवडलेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शकतो. त्यानंतर उन्हाळी शिबिरात ९० जण असतात आणि ऑगस्टच्या शेवटी ५३ राहतात. बाकीच्यांपैकी काहींना १६ जणांच्या सराव तुकडीत ठेवतात. तिथे २०२५ मध्ये नवख्याला आठवड्याला १३,००० डॉलर मिळायचे. मात्र कधीही सोडचिठ्ठी मिळू शकते.

इथे जेम्स हॅरिसनचं नाव घ्यावंच लागतं. केंट स्टेटचा लाइनबॅकर, २००२ मध्ये कुणीच निवडला नाही. पिट्सबर्गनं घेतला, सोडला, परत घेतला, परत सोडला, बाल्टिमोरनंही सोडला, तो युरोपातल्या लीगमध्ये खेळून आला. २००४ मध्ये दुसऱ्या एका लाइनबॅकरला दुखापत झाली म्हणून पिट्सबर्गनं त्याला पुन्हा बोलावलं. २००८ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला हा किताब पहिल्यांदाच मिळाला होता. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्यानं समोरच्यांचा पास पकडून १०० यार्ड पळत नेला.

पहिल्या कराराचे पैसे किती असतात?

रक्कम निवडीच्या क्रमांकावर जवळजवळ ठरलेली असते, घासाघीस फारशी होत नाही. ही पद्धत २०११ पासूनच आली. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला सुमारे २ कोटी २० लाख. वॉटच्या चार वर्षांच्या करारात सुमारे १ कोटी १२ लाख होते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंना संघ पाचव्या वर्षासाठीही ठेवून घेऊ शकतो. खरा मोबदला मिळतो दुसऱ्या करारात. वॉटनं २०१४ मध्ये सहा वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार केला.

शेवटच्या फेऱ्यांतल्या किंवा न निवडलेल्या मुलाला मुख्य संघात जागा मिळाली तर किमान पगार, २०२५ मध्ये तो वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलर होता. आकडा मोठा वाटतो, पण यातली बहुतेक मुलं तीन-चार वर्षांत बाहेर असतात. एजंटला करारातून जास्तीत जास्त ३ टक्के घेता येतात.

पहिल्याच वर्षी खेळायला मिळतं का?

पहिल्या फेरीतल्याला बहुधा मिळतं. वॉटच्या नशिबानं त्या वर्षी वेड फिलिप्स ह्यूस्टनच्या बचावाचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी मांडणी बदलून लाइनमध्ये तीन आणि मागे चार लाइनबॅकर ठेवले. त्यात त्याला साजेशी जागा मिळाली. पूर्ण हंगामात सॅक झाले ५.५, बरे, पण गाजावाजा व्हावा असे नाहीत.

मग आला ७ जानेवारी २०१२, टेक्सन्सच्या इतिहासातला पहिला बाद फेरीचा सामना, समोर सिनसिनाटी. मध्यंतराला मिनिटभर उरलं असताना १०-१० बरोबरी. सिनसिनाटीच्या क्वार्टरबॅकनं पास फेकला. वॉट त्याच्यापासून काही पावलांवर होता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि चेंडू नुसता थोपवला नाही, पकडला, आणि २९ यार्ड धावत टचडाउन केला. ह्यूस्टन ३१-१० जिंकलं. पास फेकणारा तो क्वार्टरबॅक होता अँडी डाल्टन. वर्षभरापूर्वी रोझ बोलमध्ये टेक्सास क्रिश्चनकडून खेळून ज्यानं वॉटच्या विस्कॉन्सिनला हरवलं, तोच. ज्या हातांनी सेंट्रल मिशिगनला वर्षभरात ८ पास झेलले, त्यांची किंमत त्या एका झेलात ह्यूस्टनला कळली. आठ महिन्यांपूर्वी हुर्यो उडवणारे लोक त्या संध्याकाळी उभे राहून ओरडत होते.

दुखापतींचं काय? पालक म्हणून भीती वाटते.

वाटायलाच हवी. वॉटचं पाहा: २०१६ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रिया, २०१७ मध्ये गुडघ्याखालचं हाड मोडलं, २०१९ मध्ये छातीचा स्नायू फाटला. मधल्या २०१८ मध्ये परत येऊन त्यानं १६ सॅक केले, हे विलक्षण आहे. पण तेवढीच वाईट वर्षं किती तरी खेळाडूंची कारकीर्द संपवतात आणि त्यांची नावं आपल्याला कळतही नाहीत.

डोक्याच्या आघातांचा प्रश्न याहून गंभीर. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले. माजी एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई हा, डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडलेला मेंदूचा आजार आढळला. ज्यांना लक्षणं जाणवत होती त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले असण्याची शक्यता जास्त, म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लागू करता येत नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हे नुकसान केवळ मोठ्या धडकेनं होत नाही. लाइनमध्ये प्रत्येक डावात डोकं छोट्या-छोट्या आघातांतून जातं, आणि ते वर्षानुवर्षं साठत जातं. मुलगा लाइनमध्ये खेळत असेल तर सरावात आठवड्यातून किती दिवस पूर्ण धडका असतात, हा प्रश्न प्रशिक्षकाला जरूर विचारा. डोक्याला मार लागल्यावर परत खेळायची परवानगी कोण देतं, हेही.

किती मुलं खरोखर एनएफएलपर्यंत पोहोचतात?

कॉलेजमध्ये खेळून ड्राफ्टला पात्र ठरलेल्यांपैकी सुमारे दीड टक्का. हायस्कूलपासून मोजलं तर प्रमाण नगण्य होतं.

भारतीय वंशाचा कुणी बचावपटू झाला आहे का?

ब्रँडन चिल्लर. त्याचे वडील भारतीय. कॅलिफोर्नियात यूसीएलएकडून लाइनबॅकर म्हणून खेळला, २००४ च्या चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सनं निवडला, पुढे ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. नंतर भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग सुरू करण्याच्या प्रयत्नातही तो होता. त्या लीगमध्ये पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. आपल्याकडच्या कबड्डी आणि कुस्ती खेळलेल्या मुलांना तिथे पहिल्यांदा हेल्मेट आणि खांद्यांचं कवच चढवायला मिळालं, आणि तो प्रयत्न फार पुढे गेला नाही याची मला आजही हळहळ वाटते.

अमेरिकेबाहेर वाढलेल्यांसाठी एनएफएलनं २०१७ पासून एक खास कार्यक्रम चालवला आहे. लंडनमध्ये वाढलेला एफे ओबाडा त्यातून कॅरोलिनाच्या मुख्य संघात डिफेन्सिव्ह एंड झाला, तोही कॉलेज फुटबॉल न खेळता.

आमचा मुलगा हायस्कूलमध्ये बचावात खेळतो. आत्ता काय करावं?

नववीपासूनच विषय बघून घ्या. कॉलेजात खेळण्यासाठी एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनं ठरवलेले मुख्य विषय आणि गुण लागतात, आणि अकरावीत लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. फक्त फुटबॉलला जुंपू नका. वॉटला हॉकीनं पाय दिले. कुस्ती, बास्केटबॉल, गोळाफेक यातलं काहीही लाइनमधल्या मुलाच्या कामी येतं. खेळाची चित्रफीत नीट जमवून ठेवा आणि त्यात केवळ सॅक घालू नका. दूरवर पळत जाऊन केलेली पकड प्रशिक्षकाला जास्त सांगून जाते.

मोठ्या नावाच्या कॉलेजात बाकावर बसण्यापेक्षा छोट्या कॉलेजात मैदानात असलेलं बरं, असं मला वाटतं. एनसीएएच्या तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण अभ्यासावर मदत देतात आणि तिथलं फुटबॉल मनापासून खेळलं जातं. आणि प्रशिक्षक जागा बदल म्हणाला तर लगेच नाराज होऊ नका. का म्हणतोय, कुठल्या जागेवर, हे मुलाबरोबर बसून विचारा. वॉटला एका कॉलेजानं सुचवलेला बदल पटला नाही आणि दुसऱ्यानं सुचवलेला पटला. दोन्ही निर्णय त्याचे होते.

वॉट आता काय करतो?

२०२१ आणि २०२२ हे शेवटचे दोन हंगाम तो ॲरिझोनाकडून खेळला आणि निवृत्त झाला. आता टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करतो आणि पत्नीसह इंग्लंडच्या बर्नली फुटबॉल क्लबमध्ये भागीदार आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणून महान खेळाडूंचा मान राखणाऱ्या कँटनच्या हॉल ऑफ फेमसाठी त्याचं नाव २०२८ मध्ये पहिल्यांदा विचारात येईल.